जुनी दांडगी फोर बाय फोर: पैसे लावावे, की बदलून टाकावी? नागपूरकर गाडीमालकांचे नेहमीचे प्रश्न

डिस्कव्हरी ४, जुनी रेंज रोव्हर स्पोर्ट, प्राडो, लँड क्रूझर २००, ऑडी क्यू सेव्हन, मर्सिडीज जीएल. दारात यातली एखादी उभी आहे, वय दहा ते पंधरा वर्षं, आणि घरात दर महिन्याला तोच विषय निघतो. हे पान अशा मालकांसाठी आहे. आकडे महाराष्ट्राचे आहेत आणि हवा विदर्भाची. शोरूममध्ये मिळणारं उत्तर इथे मिळणार नाही.

दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेलं. आता विकायलाच हवी ना?

हा हिशेब जवळजवळ सगळेच मांडतात आणि तो मुळातच चुकतो. जुन्या गाडीची बाजारातली किंमत पडलेली आहेच. त्या पडलेल्या किमतीशी बिल ताडलं की साधं बिलही राक्षसी दिसतं. बिल ताडायचं ते नवी गाडी वर्षाला किती खाईल, त्याच्याशी.

एक कोटी शोरूम किमतीची डिझेल गाडी घ्या. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या खासगी डिझेल गाडीला १५ टक्के एकरकमी कर आहे. म्हणजे पहिल्याच दिवशी पंधरा लाख सरकारजमा, आणि गाडी विकताना त्यातला एक रुपयाही वेगळा परत येत नाही. कंपनीच्या नावावर घेतली तर दर २० टक्के, म्हणजे वीस लाख. पूर्वी या कराला वीस लाखांची कमाल मर्यादा होती, जुलै २०२५ पासून ती तीस लाख झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा जीएसटी आणि उपकर मिळून होणारा ५० टक्क्यांचा भार ४० टक्क्यांवर आला, हे खरं आहे. त्यामुळे शोरूमच्या किमती उतरल्या. पण आकडा मोठाच राहिला.

आता समजा, कर आणि विमा धरून गाडी एक कोटी अठरा लाखांना पडली आणि चार वर्षांनी पासष्ट लाखांना गेली. त्रेपन्न लाख चार वर्षांत उडाले, म्हणजे वर्षाला तेरा लाखांहून जास्त. कर्जाचं व्याज अजून धरलेलंच नाही. तुमची जुनी गाडी वर्षाला चार लाख मागत असेल, तर चिडण्यासारखं आहे, पण महाग नाही.

या हिशेबाला एकच मोठी वजावट आहे, भरवसा. गाडी कुठे दगा देते, हे पाहायला हवं. सदरमध्ये सिग्नलवर बंद पडली तर चिडचिड होते. रात्री मेळघाटातून उतरताना, मागे लेकरं झोपलेली असताना बंद पडली, तर तो वेगळाच विषय. वर्षाचा खर्च कमी असूनही गाडी रस्त्यात सोडून देत असेल, तर तिचा हिशेब पैशात मांडता येत नाही.

मग कोणती बिघाडं खरंच शेवटची समजावी?

झिजणारे भाग आणि मोडणारी रचना, असे दोन ढीग करा. बुश, आर्म, ब्रेक, कंप्रेसर, रेडिएटर, टर्बो, इंजेक्टर हा झिजणाऱ्यांचा ढीग. महाग आहे, पण एकदा झाला की काही वर्षं निघतात. एअर सस्पेन्शनही (लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर गाडी तोलणारी रचना) याच ढिगात येतं, जरी लोक त्याला घाबरून गाडी विकतात.

दुसरा ढीग लहान आहे. लँड रोव्हरच्या तीन लिटर व्ही सिक्स डिझेलमध्ये क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि त्याच्या बेअरिंगचं दुखणं जगभर माहीत आहे. बेअरिंग फिरलं की तेलाचा मार्ग बंद होतो आणि क्रँक जाते. म्हणून या इंजिनाच्या मालकाने तेलबदलाचं छापील अंतर विसरून, त्याच्या निम्म्यावर तेल बदलावं. आणि दरवेळी जुना ऑइल फिल्टर मिस्त्रीकडून समोर कापून घ्यावा. घड्यांमध्ये चमकणारा चुरा दिसला तर नवे टायर, नवी सीट कव्हरं सगळं थांबवा. इंजिन बांधायचं की गाडी सोडायची, हाच मग एकमेव प्रश्न उरतो. माझं मत विचाराल तर त्या टप्प्यावर सोडावी.

अपघातात चॅसिसला बाक आलेली गाडी, पुरात बुडालेली गाडी आणि ज्या गाडीचा एखादा कंट्रोल मॉड्यूल कुठेच मिळत नाही ती गाडी, हीही याच ढिगातली. टायमिंग बेल्ट तुटलेली गाडी यात येते खरी, पण ती वेळ मालकाने स्वतःवर आणलेली असते. बेल्ट किलोमीटरवर जसा बदलायचा असतो, तसा वर्षांवरही. कमी फिरलेल्या, शेडमध्ये उभ्या गाडीचा बेल्ट नवा राहत नाही.

सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली असते. चालू केली की पाच मिनिटांनी उठते. चालवत राहू का?

चालवाल, पण कंप्रेसर जाळून. गळती एअर सस्पेन्शनच्या एका एअर स्प्रिंगमध्ये असते, तिची भरपाई हवा भरणारा कंप्रेसर दिवसभर करत राहतो, आणि एका दुपारी तो बसतो. मग गाडी चारही कोपऱ्यांनी बसते. आपल्याकडच्या उन्हाने रबराला बारीक चिरा पडतात आणि त्या घडीच्या आत असल्याने वरून दिसत नाहीत.

रात्री गाडी सपाट जागी उभी करा, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. सकाळी पुन्हा मोजा. जो कोपरा उतरला, तिथे साबणाचं पाणी. क्रम महत्त्वाचा आहे: आधी गळती, मग कंप्रेसर, आणि कंप्रेसरसोबत त्याचा रिले व ड्रायर. उलट्या क्रमाने काम केलं की नवा कंप्रेसरही वर्षभरात जातो आणि दोष कंपनीला लागतो.

एअर काढून साधे कॉइल स्प्रिंग टाकून देऊ का, हा पुढचा प्रश्न असतोच. करणारे करतात. पण मग गाडीची उंची कमीजास्त होत नाही, पाण्यातून जाण्याची क्षमता जाते (डिस्कव्हरी ४ ची ७०० मिलिमीटरची मर्यादा गाडी वर उचललेली असतानाची आहे) आणि इशाऱ्याचे दिवे सॉफ्टवेअरने गप्प करावे लागतात. अडीच टनांची गाडी ज्या गुणासाठी घेतली तोच गुण काढून टाकायचा असेल, तर विकून फॉर्च्युनर घेतलेली बरी.

मे महिन्यात गाडी गरम होऊन राहिली. इंजिन गेलं का?

बहुतेकदा नाही. पंचेचाळीस डिग्रीच्या वर, एसी फुल, वर्धा रोडवर मेट्रोच्या खाली ट्रॅफिकमध्ये अडकलेली गाडी. एवढी परीक्षा लंडनमध्ये कुणी घेत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे डॅशबोर्डवरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. पाणी बरंच तापलं तरी हलत नाही आणि हलला तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी पोर्टला (गाडीच्या तपासणीसाठी दिलेलं सॉकेट) लावायचा एक साधा स्कॅनर घ्या, मोबाइलवर खरं तापमान दिसतं.

मग एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली जागा पाहा. धूळ, किडे, सावरीचा कापूस, सगळं तिथे थापलेलं असतं. वरून पाणी मारून ते निघत नाही. दोन्ही वेगळे करून धुवावे लागतात. त्यानंतर पंख्याचा व्हिस्कस कपलिंग, थर्मोस्टॅट, कूलंटचं वय. जेएलआरच्या (जॅग्वार लँड रोव्हर) पेट्रोल व्ही एट आणि व्ही सिक्समध्ये कूलंटचे प्लास्टिक पाइप ठिसूळ होऊन तडकतात. ते फुटण्याआधी बदलायचे असतात. हे सगळं मार्च संपण्याच्या आत व्हावं. आणि कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरणारा मिस्त्री असेल तर मिस्त्री बदला.

गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं आहे, हात लावू नका म्हणतात.

कोणाच्या आयुष्यभराचं, ते कोणी सांगत नाही. यातल्या काही गाड्यांत झेडएफ कंपनीचा सहा किंवा आठ गिअरचा बॉक्स आहे, आणि झेडएफ स्वतःच ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. प्लास्टिकचा पॅन आणि फिल्टर एकत्रच येतात. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेलही त्याच वेळी बदला. गिअर झटके देत असेल, तर आधी हे आणि बॅटरी तपासा. अशक्त बॅटरीमुळे या गाड्या गिअरबॉक्सपासून सस्पेन्शनपर्यंत दहा खोटे इशारे दाखवतात, आणि त्या इशाऱ्यांवर लोकांनी मॉड्यूल बदलल्याचीही उदाहरणं आहेत.

गाडी चांगली आहे, पण आत बसलं की जुनाट वाटतं. स्क्रीन, अँड्रॉइड ऑटो, कॅमेरा लावला तर?

लावा. या वयाच्या गाडीत सर्वात जास्त समाधान देणारा खर्च हाच. अट एक: सीताबर्डीच्या ॲक्सेसरीच्या दुकानात मिळणारा सरसकट स्टिरिओ नको. डिस्कव्हरी ४ सारख्या अनेक गाड्यांत साउंड सिस्टीम फायबर ऑप्टिकच्या जाळ्यावर चालते. एक डबा काढला की साखळी तुटते आणि ॲम्प्लिफायरसकट सगळं मुकं होतं. मूळ स्क्रीन ठेवून मागे इंटरफेस बॉक्स बसवतात, तो मार्ग धरा. वायर कापायला लागणार असेल तर काम थांबवा.

सीटचं चामडं, स्टिअरिंगचं कव्हर, हेडलाइटचं पॉलिश, नवे बुश आणि शॉक ॲब्झॉर्बर हेही करून घेण्यासारखं. गंमत अशी की बुश बदलल्यावर घरच्यांना वाटतं नवी गाडी आली, आणि तो भाग तर कुणाला दिसतही नाही.

लिफ्ट किट, बुलबार, स्नॉर्कल, मोठे टायर?

बुलबार नको. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. शिवाय एअरबॅगच्या सेन्सरचं गणित त्याने बिघडतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. उंची वाढवलेल्या गाडीचा अपघात झाला की विमा कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं.

टायरवर मात्र मनसोक्त बोलू. नागपूरच्या मालकाचा मोठा प्रवास आता समृद्धीवर होतो. शिवमडक्यापासून निघालं की ७०१ किलोमीटरचा काँक्रीट रस्ता, कारला ताशी १२० ची मर्यादा, आणि जून २०२५ पासून तो पार ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत पूर्ण. तापलेल्या काँक्रीटवर, त्याच वेगात तीन तास, अडीच टन वजन. इथे जुना टायर फुटतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, सहा वर्षांवरचा टायर समृद्धीवर नेऊ नका. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. दिसायला रांगडे मड टायर घ्यायचा मोह होतो, पण तुमचे बहुतेक किलोमीटर डांबर-काँक्रीटवर असतील तर ते आवाज करतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांबवतात. चांगला हायवे टेरेन किंवा सौम्य ऑल टेरेन, तोही मूळ लोड इंडेक्सचा (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा), पुरे.

पण ताडोबा, पेंच, उमरेडसाठी फोर बाय फोर लागतेच ना?

कोअरमधली सफारी वनखात्याने नोंदवलेल्या जिप्सीतून होते. तुमची कोटीची गाडी गेटजवळ झाडाखाली उभी राहते आणि रिसॉर्टपर्यंतचा रस्ता आजकाल होंडा सिटीलाही झेपतो. "जंगलासाठी" म्हणून गाडी बदलणार असाल तर हे कारण वहीतून खोडा.

खरी परीक्षा शेताच्या पांदणीवर, जुलै-ऑगस्टमध्ये. विदर्भाची काळी माती ओली झाली की टायरच्या नक्षीत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे लो रेंज गिअर, डिफ लॉक असूनही जड गाडी पोटावर बसते आणि तिला ओढायला शेवटी ट्रॅक्टरच येतो. ज्यांची काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग आहे आणि पावसाळ्यात आठवड्याला जाणं आहे, त्यांना माझा सल्ला वेगळा असतो: जुनी आरामाची गाडी हायवेसाठी ठेवा आणि शेतासाठी एक हलकी फोर बाय फोर थार घ्या. दोन्हींचा मिळून वर्षाचा खर्च एका नव्या डिफेंडरच्या घसाऱ्यापेक्षा कमीच निघतो. डिफेंडर ९०० मिलिमीटर पाण्यातून जाते हे खरं, पण वैनगंगेत गाडी घालायला आपल्याला कोण सांगतंय?

पंधरा वर्षं पूर्ण होताहेत. आरटीओ गाडी भंगारात काढेल का?

नाही. नागपुरात खासगी गाडीला वयाची बंदी नाही. पंधरा वर्षांनी गाडी आरटीओत दाखवून नोंदणीचं नूतनीकरण करायचं, ते पाच वर्षांसाठी मिळतं. तुमची पाटी एमएच ३१ ची असो, ४० ची की ४९ ची, नियम एकच.

फीमध्ये मात्र मोठी गोम आहे. साध्या कारला पाच हजार रुपये, पण आयात गाडी म्हणून नोंद असेल तर चाळीस हजार. ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर वीस वर्षांवरच्या गाड्यांना हेच आकडे दहा हजार आणि ऐंशी हजार झाले. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर. आरसी काढून "आयात" नोंद आहे का ते आजच पाहा. परदेशातून तयार आलेल्या गाड्यांना ती असते. पाच वर्षांवर वाटली तर ही रक्कमही गाडी विकण्याचं कारण होत नाही. मुदत उलटून गेल्यावर जाग आली तर दंडाची भर पडते.

स्क्रॅप करायचीच असेल तर नोंदणीकृत केंद्रातच द्या. तिथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सूट मिळते. कबाडीला दिली तर तेही नाही आणि गाडी कागदावर तुमच्याच नावाने जिवंत राहते.

दिल्लीची तीच गाडी इथल्या निम्म्या किमतीत मिळते. जुनी देऊन ती घेऊ का?

दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार २०१५ पासून आहे, म्हणून तिथल्या गाड्या स्वस्तात बाहेर पडतात. नागपुरात ती चालवता येते. पण तिथली एनओसी, इथे बारा महिन्यांच्या आत नव्या क्रमांकाची नोंदणी आणि वयाप्रमाणे महाराष्ट्राचा कर, हे सगळं जोडून मगच किंमत स्वस्त म्हणा. कागद हातात आल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका.

आणि नागपूरचीच घेताय तरी पुराची तपासणी करा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि अनेक गाड्या पार्किंगमध्ये बुडाल्या. त्यातल्या काही पॉलिश होऊन बाजारात आल्याच असणार. कार्पेट उचला, सीटच्या रुळांवर गंज पाहा, सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या फुटावर चिखलाची रेघ आहे का बघा, स्पेअर टायरची जागा हुंगा. विक्रेता कार्पेट उचलू देत नसेल तर चहा पिऊन निघा.

नवी बीएस ६ डिझेल घेतली आणि शहरातच फिरवली तर?

डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी पकडणारा फिल्टर, भरतो. तो साफ व्हायला सलग वीस-पंचवीस मिनिटं हायवेचा वेग लागतो. आठवड्यातून एकदा बुटीबोरीपर्यंत जाऊन येण्याची तयारी नसेल, रोज धरमपेठ ते रामदासपेठ एवढंच असेल, तर पेट्रोल किंवा हायब्रिड पाहा. जुन्या पेट्रोल गाडीच्या मालकांनी मात्र २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी रबरी इंधननळ्या आणि सील तपासून घ्यावेत.

कंपनीचं वर्कशॉप की बाहेरचा मिस्त्री?

प्राडोवाल्यांना हा प्रश्न फारसा छळत नाही. भारतात विकल्या गेलेल्या प्राडोचं तीन लिटर डिझेल आणि पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरचं इंजिन एकाच घराण्यातलं, त्यामुळे त्यावर हात बसलेले मिस्त्री गावोगावी आहेत. टायमिंग बेल्ट दीड लाख किलोमीटरला, इंजेक्टरवर लक्ष, झालं.

युरोपीय गाडीचं भवितव्य मात्र मिस्त्रीवर ठरतं. त्याला तीन प्रश्न विचारा. या मॉडेलसाठीचा खास स्कॅनर आहे का? गाडीची बॉडी चॅसिसवरून उचलता येईल अशी लिफ्ट आहे का? (डिस्कव्हरी ४ मध्ये टर्बोसारखी मोठी कामं बॉडी उचलूनच सोपी होतात.) आणि पार्ट कुठून आणतो? लेमफोर्डर, बॉश, झेडएफ या पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांच्या स्वतःच्या डब्यातला पार्ट बऱ्याचदा गाडीच्या कंपनीच्या डब्यातल्यासारखाच असतो आणि बराच स्वस्त पडतो. दिल्लीच्या मायापुरीतून (जुन्या पार्टचा बाजार) आलेला दरवाजा, आरसा, सीट चालेल. ब्रेक, आर्म, एअरबॅग अजिबात नाही. असा मिस्त्री नागपुरात सापडत नसेल आणि प्रत्येक कामाला गाडी पुण्याला-हैदराबादला न्यावी लागत असेल, तर वर पहिल्या प्रश्नात मांडलेला सगळा हिशेब उलटतो. मग गाडी कितीही लाडकी असो, चालती आहे तोवर विकावी. बंद पडली तर चारही चाकं उचलणारं फ्लॅटबेडच बोलवा. दोन चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर ट्रान्सफर केस खलास.

विकायचं ठरलं. किंमत कशी काढू?

एक्स्चेंजमध्ये सर्वात कमी येते, कारण शोरूमला ही गाडी नकोच असते. अशा गाडीला गिऱ्हाईक मोजकंच, पण जाणकार. सर्व्हिसच्या पावत्या तारखेप्रमाणे लावलेली फाइल, ताजे टायर आणि थंड इंजिनवर पहिल्या झटक्यात सुरू होणारी गाडी, यांनी भाव चढतो. डेंट-पेंटवर खर्च करू नका, ताज्या रंगाने उलट संशय येतो. सस्पेन्शन मात्र दुरुस्त करूनच दाखवा. बसलेली गाडी दिसली की समोरचा फोनवर भाव पाडायला सुरुवात करतो.

नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. ५० टक्क्यांपर्यंत साठलेला असेल तर विकताना विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या, नव्या गाडीच्या विम्यात तो वळता होतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, फास्टॅग बंद केला आणि आरसीवर नाव बदलल्याचा मेसेज आला, की मगच दुसरी चावी द्या.